वांकिडीच्या पैठणीवरचे मोर

१९९३च्या फेब्रुवारीत मी वांकिडीला गेले ती पडद्यावर पाहिलेल्या एका चित्रामुळे. तेव्हा मी नागपूरच्या एका शाळेत चित्रकला शिकवत होते. एका व्याख्यानात जुन्या रेशमी कापडांची चित्रं दाखवत होते: मोत्यांचं कडं आणि आत समोरासमोर उभे दोन पक्षी. एक तुकडा चीनच्या वाळवंटातल्या थडग्यात सापडलेला, दुसरा युरोपातल्या चर्चमध्ये कुणा संताच्या अस्थींभोवती गुंडाळलेला. नक्षी मूळची इराणकडची, व्यापाऱ्यांच्या गाठोड्यांतून दोन्ही दिशांना गेली, असं वक्ते सांगत होते आणि मला वांकिडीच्या सरूमावशीची पैठणी दिसत होती. तिच्या पदरावर बांगडी मोर होते. गोल बांगडी, आत मोर, तोंडाला तोंड करून.

ती पैठणी कागदावर उतरवायची आणि जमलं तर संग्रहालयात द्यायला मावशीला राजी करायचं, असं ठरवून मी निघाले.

नागपूर ते चंद्रपूर, तिथून राजुरा, मग आसिफाबादची बस. जाणार असाल तर राजुऱ्यात जेवून घ्या. तेव्हा तरी पुढे चहाशिवाय काही मिळत नसे. रस्ता खड्ड्यांचा, पण दोन्ही बाजूंना सागाचं रान आणि मधूनच फुललेला पळस. राज्य बदललेलं कळलं ते पाट्यांवरून. अक्षरं गोल, तेलुगू झाली, बसमधलं बोलणं मात्र तसंच राहिलं. (वांकिडी आता वेगळ्या जिल्ह्यात आहे, तेव्हा आदिलाबादेत होती.)

मावशीकडे कापूस निघून गेला होता, ज्वारी उभी होती. गरम भाकर आणि अंबाडीची भाजी खाऊन झाल्यावर मी पैठणीचा विषय काढला. ती घरात नव्हतीच. पूर्वी शेजारी राहणाऱ्या लक्ष्मम्माच्या मुलीचं, सुजाताचं, दुसऱ्या दिवशी आसिफाबादला लग्न होतं आणि पैठणी तिकडे गेली होती. मग कळलं की गावातल्या कितीतरी मुली, मराठी घरातल्या आणि तेलुगू घरातल्याही, तीच नेसून बोहल्यावर चढल्या होत्या. मावशीच्या सासूबाईंनी ती औरंगाबादकडून आणलेली. तेव्हा तो मुलूख आणि हा, दोन्ही निजामाचे.

इतकं जुनं रेशीम असं देत जाऊ नये, असं मी मावशीला समजावून पाहिलं.

"काऊन?" ती म्हणाली. "लुगडं हाय ते. नेसाले नाही तं कायले?"

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघी आसिफाबादला गेलो. सुजाता मांडवात आली आणि मी पदराकडेच पाहत राहिले. पडद्यावर पाहिलेले ते पक्षी निर्जीव, फिकट होते. इथं उन्हाची तिरीप पदरावर पडली होती आणि तिच्या प्रत्येक श्वासाबरोबर जरीचे मोर हलत होते. इराणहून निघालेली नक्षी याच वाटेनं इथवर आली, असं मी ठामपणे म्हणणार नाही. तेवढा माझा अभ्यास नाही. पण अंगावर काटा आला, एवढं खरं.

पदराची गाठ नवऱ्याच्या उपरण्याला बांधली, दोघं फेऱ्यांसाठी उठली आणि पदर टर्रकन फाटला. एक कोपरा, त्यावरच्या बांगडीसकट, उपरण्याला लटकत राहिला. वाजंत्री थांबली. मागून कुणी म्हातारी तेलुगूत अपशकुनाचं पुटपुटली. लक्ष्मम्मा मटकन खाली बसली आणि सुजाताचे ओठ थरथरायला लागले.

मावशी उठून सरळ बोहल्यावर गेली.

"माह्या लग्नातबी फाटली होती, आतल्या टोकाले," ती सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली. "चाळीस वर्सं संसार झाला माहा. बांधा गाठ."

तिनं स्वतःच गाठ सोडवली, तो तुकडा सुजाताच्या हातात दिला आणि तुझ्यापाशीच ठेव म्हणून सांगितलं. तो माझ्यासाठी मागावा असं अगदी ओठांवर आलं होतं. सुजातानं मूठ घट्ट मिटली, तसा मी तो विचार सोडला. वाजंत्री पुन्हा सुरू झाली.

दुसऱ्या दिवशी पैठणी परत आली. ओसरीवर पसरून दिवसभर मी मोर काढत बसले. कुठल्याच दोन मोरांची मान सारखी नव्हती. विणणाऱ्याचा हात दर वेळी थोडा वेगळा वळला होता. आतलं टोक मी पुन्हा पुन्हा पाहिलं. रफूचा एकही टाका नव्हता. मावशीला विचारलं, तर ती तांदूळ निवडता निवडता म्हणाली, "त्या पोरीचं तोंड पाह्यलं होतं नं तू?"

संग्रहालयाचं मी काढलंच नाही.

नागपूरला मी कागदांची एक गुंडाळी घेऊन परतले. ती चित्रं पुढे वर्गात मुलांना दाखवत राहिले. थडग्यातलं रेशीम टिकलं, कारण ते कुणी नेसलं नाही. मावशीचं तसं टिकणार नाही, हे मला कळत होतं, आणि तरी पैठणी संग्रहालयात गेली नाही याचं कधी वाईट वाटलं नाही.

वांकिडीच्या मुली अजून ती पैठणी नेसतात. गाठ आता दुसऱ्या कोपऱ्याला बांधतात.