पुढचं लिहिलेलं नाही

त्या माणसाला मी अजून माफ केलेलं नाही आणि करणारही नाही.

सत्तरचं दशक सरत आलं होतं. सांगलीच्या कॉलेजात मी गणिताची हंगामी शिक्षिका, तो विभागप्रमुख. परदेशी मासिकं वाचून मी कॉलेजातल्या कम्प्युटरसाठी आळशी पद्धतीचा प्रोग्रॅम लिहीत होते. पंगतीत मागणी आली की जिलबीचा पुढचा घाणा काढायचा, आधी नाही, तसं. अविभाज्य संख्यांची रांग न संपणारी, पण मागाल तेवढ्याच निघणार. प्रत्येक पायरीला आधीच बजावलेलं, उत्तर माझ्याकडे परत आणू नकोस, पुढं अमक्याकडे दे. फक्त यंत्रातली जागा भरली की पुढं कुणाकडे द्यायचं, तेवढं लिहायचं राहिलं होतं. तिथं मी कागदावर छापला जाईल असा तात्पुरता निरोप घातला. तिथवर कुणी मागितलंच नाही तर काही बिघडत नव्हतं.

सुट्टीत मी साताऱ्याला गेले आणि या बाबानं माझा प्रोग्रॅम असलेल्या पंचकार्डांचा, म्हणजे भोकं पाडलेल्या पुठ्ठ्यांचा, गठ्ठाच उचलला! स्वतःचं संशोधन म्हणून तो समितीला दाखवणार होता. माझी कायम नोकरी याच कामावर ठरायची होती. जाब विचारला तर म्हणतो, "बाई, लग्न झालं की तुम्ही जाणारच. कशाला मनाला लावून घेता?"

तळपायाची आग मस्तकात गेली. घरी वडिलांना, आबांना सांगितलं. ते फौजेतून निवृत्त झालेले. म्हणाले, "ज्यानं तुजं खाल्लं, त्येला पचू दिऊ नगंस."

समितीपुढं पहिल्या दहा संख्या झोकात निघाल्या. मेला हसून मान डोलावत होता. मी मागून म्हटलं, "शंभर मागा ना, सर." अध्यक्षही म्हणाले, "हो, शंभर काढा."

प्रिंटर खडखडला आणि थांबला. कागदावर माझा निरोप: थांबा, पुढचं लिहिलेलं नाही.

"मग लिहा की," अध्यक्ष म्हणाले. तो कार्डं चाळत बसला. कपाळावरचा घाम कार्डांवर टपकायला लागला. शेवटी अध्यक्षांनी मला विचारलं, "बाई, तुम्हाला जमेल?"

दोन ओळींचं काम. केलं असतं तर नोकरी मिळाली असती, पण प्रोग्रॅम चालून त्याची अब्रूही वाचली असती.

"नाही जमणार," मी म्हणाले.

त्याचं प्रमुखपद गेलं आणि माझी नोकरी. जन्मभर मी साताऱ्याच्या शाळेत भागाकार शिकवला. वाईट नाही वाटत का, असं लोक विचारतात. वाटतं की! पण पुन्हा विचारलं तरी नाहीच म्हणेन.