एक चाक जमिनीवर

गिअर ऑइलचा उग्र वास आला की मला बालाघाटच्या एका भंगारवाल्याचं अंगण आठवतं. उकव्याच्या खाणीवर तांदूळ पोहोचवायचं काम मला मिळालं होतं, पण माझी जुनी पिकअप भरल्या पोत्यांनी घाट चढत नव्हती. मागचा एक्सल बदलला नाही तर काम हातचं जाणार होतं. अंगणात तशाच दोन मोडक्या गाड्या उभ्या होत्या. चाकाच्या एका फेऱ्यात मधला शाफ्ट जितका जास्त फिरेल, तितका तो एक्सल चढावर जोरदार. तिथला मिस्त्री मोजायला वाकला, तेव्हा मी म्हणालो, "तू नट खोल. मोजणं माझं." तो बिडी पेटवून बाजूला बसला. पहिल्या गाडीचं एकच चाक जॅकवर होतं. शाफ्ट अडीच वेळा फिरला. दुसरीची दोन्ही चाकं उचललेली होती. तिथे सव्वाचार भरले. मी दुसरा एक्सल घेतला, तोही भाव पाडून. घाटात गाडी पहिल्याच वळणावर थांबली, आणि खाणीवाल्यांनी दुसरी गाडी लावली. परत आलो तेव्हा मिस्त्री म्हणाला, "एक चाक जमिनीवर असन तं शाफ्ट अर्धाच फिरते, दोन फेरे मोजा लागते, सेठ. पहिल्याचे पाच भरले असते. तुमच्या कामाचा तो पहिलाच होता." "मंग तवा काहून नाही बोलला?" "तुमीच म्हटलं न, नट खोल. म्या नट खोलले." पहिला एक्सल तोवर लांजीच्या कोणीतरी नेला होता. त्यानंतर मी दोन्ही चाकं उचलल्याशिवाय कधी मोजलं नाही. पण त्याने बोलायला हवं होतं, असं मला अजूनही वाटतं.