नुसता आड

या पानावरचे अनुभव मी आजवर भाजी निवडता निवडता वाचत आले आणि दर वेळी मनात म्हणत आले — बाईला ॲसिडिटी झाली असणार. असल्या गोष्टींवर माझा काडीचा विश्वास नव्हता. आता माझीच पाळी आली आहे, तेव्हा तुम्हीही खुशाल तसंच म्हणा. खरं तर ॲसिडिटीच निघाली असती तर बरं झालं असतं...

आम्ही मुळशी तालुक्यात मारुंजीला राहतो. मूळचे अकोल्याचे. नवरा, नीलेश, हिंजवडीत नोकरीला. त्याचं ऑफिस आमच्या सातव्या मजल्यावरून दिसतं, पण गाठायला पाऊण तास लागतो. मी घरी बसून मराठी पुस्तकांची प्रुफं तपासते. लग्न उशिरा, मुलं त्याहून उशिरा. त्यामुळे सोसायटीच्या बागेत नवीन माणसं मला "नातवंडं का?" असं प्रेमाने विचारतात. मुक्ता पाच वर्षांची, ओजस दोनचा. ओजस अजून बोलत नव्हता. डॉक्टर म्हणाले, बोलेल. सासूबाई म्हणाल्या, आई बोलू देईल तर ना.

मागच्या पावसाळ्यात मुक्ताची भाषा बिघडली. 'बिघडली' हा तेव्हाचा माझा शब्द. बागेतून आली आणि म्हणाली, "आई, मी हितं न्हाई खेळणार, तितं खेळणार."

"इथे. नाही. तिथे," मी म्हटलं. प्रुफं तपासणाऱ्या बाईच्या पोटी हे!

सोसायटीतली निम्मी पोरं हिंदी बोलतात, उरलेली इंग्रजी. घरकामाला येणाऱ्या मावशी लातूरकडच्या. मग हे मावळी वळण आलं कुठून?

"ती बोलती तसं," मुक्ता म्हणाली.

"ती कोण?"

"लपाछपीतली. ती सारखी लपलेलीच असती. तिला कुणी शोधतच न्हाई."

"कुठे लपते?"

"आडात."

"आडात नाही गं, आड. कशाच्या तरी आड. झाडाआड, दाराआड..."

"कशाच्या न्हाई!" मुक्ता वैतागली. "नुसता आड. तो घसरगुंडीच्या मागं हाय ना, तो."

मी हसत हसत तिला समजावलं की 'आड'ला 'तो' लागत नाही, ते शब्दयोगी अव्यय आहे. पाच वर्षांच्या मुलीला! आज आठवलं की स्वतःच्याच थोबाडीत मारून घ्यावीशी वाटते.

मला काळजी वेगळीच. मोठी मुलं एखाद्या पोरीला वाळीत टाकत असतील तर? दुसऱ्या दिवशी पदर खोचून — म्हणजे ओढणी खोचून — बागेत गेले. "एका मुलीला तुम्ही शोधतच नाही म्हणे! असं खेळतात का?"

पोरं एकमेकांकडे बघायला लागली. त्यांचा पुढारी आरव म्हणाला, "कौनसी लडकी, आंटी? हम सब तो यहीं हैं. मुक्ताच उधर अकेली बैठके बात करती है."

रात्री घरी सांगितलं. नीलेश म्हणाला, "इमॅजिनरी फ्रेंड. नॉर्मल असतं गं." सासूबाईंनी अकोल्याहून व्हिडिओ कॉलवर दृष्ट काढली. मीठ-मोहऱ्या तिकडे, मुक्ता इकडे, मध्ये नेटवर्क. ऐन ओवाळताना त्या स्क्रीनवर गोठल्या. परत लागल्यावर म्हणाल्या, "तुह्या नेटापायी दिष्ट अर्धी राह्यली तं मंग मले बोलू नको बाप्पा!" आणि पहिल्यापासून सुरू केलं. आम्ही हसलो. पण त्या दिवसापासून मी मुलांना बागेत एकटं सोडणं बंद केलं.

बागेत सिमेंटचा बाक आहे. त्याची पाठही सिमेंटची, अखंड, भिंतीसारखी. त्या संध्याकाळी पाऊस थांबून ऊन पडलं होतं. मी बाकाला चांगली रेलून बसले होते. समोर झोपाळ्यावर मुक्ता, पायाशी चेंडू घेऊन ओजस. फोनवर एका लेखकाशी माझा वाद चालला होता — 'की' ऱ्हस्व की दीर्घ. मी जिंकत होते.

आणि माझ्या पाठीत धप्पा बसला.

धप्पा म्हणजे धप्पाच. लपाछपीत लपलेला गडी मागून येऊन, ज्याच्यावर राज्य असतं त्याच्या पाठीत घालतो, तो. लहानसा तळहात, पाचही बोटं, गारेगार. "कोण रे?" म्हणत मी वळले. मागे कुणी नव्हतं.

पाठ तर बाकाला टेकलेली होती, मध्ये बोट शिरायला जागा नव्हती — हे मला नंतर सुचलं. त्या क्षणी मागे वळल्यामुळे दिसला तो ओजस. तो पायाशी नव्हताच. चेंडूमागून बाकाच्या पार मागे, घसरगुंडीच्या पलीकडच्या गवतात तो तुरुतुरु चालला होता. मुक्ताच्या 'नुसत्या आडा'कडे.

मी का धावले ते सांगता येणार नाही. गवत तर होतं साधं. पण चप्पल एकीकडे, फोन एकीकडे, अशी धावले. त्याचा दंड धरून मागे खेचला. तो भोकाड पसरणार, एवढ्यात आमच्या पुढ्यातलं गवत खाली गेलं. मोठा आवाजसुद्धा नाही. बशीतला चहा भुरकावा, तेवढाच. चेंडूही गेला. मग कितीतरी वेळाने खालून पाण्याचा आवाज आला.

मी तिथेच चिखलात बसले, ओजसला घट्ट धरून. मुक्ता शांतपणे झोपाळ्यावरून उतरून आली.

"तिनं तुला धप्पा दिला ना? मग आता राज्य तुझ्यावर."

सोसायटी ज्यांच्या शेतावर उभी आहे त्या घरच्या बबीकाकू गेटबाहेर दूध डेअरी चालवतात. गलका ऐकून त्या आल्या आणि खड्ड्याकडे बघून म्हणाल्या, "आगं बया, ह्यो तर आमचा आड!"

"आड?" मी विचारलं.

"आड न्हाई म्हाईत? अरुंद इहीर, घागरीनं पानी शेंदायची. बुजावला म्हनले व्हते सोसायटी बांधताना. असा बुजावत्यात व्हय?"

मग मी तेच विचारलं जे तुमच्या मनात आलंय. "काकू, यात कधी कोणी मुलगी..."

"काय बी बोलू नका!" त्या फाडकन म्हणाल्या. "आमच्या आडात आजपतूर कोन पडलं न्हाई. कठडा न्हवता, आमी पोरं समदी हितंच खेळायचो, तरी न्हाई." मग ओजसच्या डोक्यावरून हात फिरवत, "जवळ गेलं की पाठीत धपका बसायचा, म्हनायचे. मला बी बसलाय, बारकी व्हते तवा. मागं बघितलं तर कोनच न्हाई. आई तिकडं लांब गोठ्यात." आणि मग, "दूध उतू जात आसंल माजं," म्हणत निघून गेल्या.

नीलेशच्या मते जमीन खचताना बाकाला हादरा बसला. पटण्यासारखं आहे. फक्त हादऱ्याला बोटं नसतात. आणि मुक्ताला 'आड' हा शब्द? "कुठेतरी ऐकला असेल," तो म्हणतो. कुठे, ते आम्हा दोघांनाही सांगता येत नाही.

आड नीट भरून घेतला, वर काँक्रीट ओतलं. सोसायटीच्या मागे सगळ्यात जास्त मीच लागले होते. काँक्रीट वाळत होतं तेव्हा मुक्ताने विचारलं, "आता ती बाहेर कशी येणार?" मी तिला आईस्क्रीम घेऊन दिलं. दुसरं काय करणार?

त्यानंतर मुक्ताची भाषा सुधारली. 'नाही' म्हणते, 'इथे' म्हणते. प्रुफातल्यासारखी चुकीची खूण करायला जागा नाही. मला हायसं वाटायला हवं होतं... पण बागेत गेले की मी बाकावर पुढे सरकून बसते, पाठ मोकळी ठेवून. नीलेश म्हणतो, निदान कणा तरी ताठ झाला.

गेल्या आठवड्यात भाजी घेऊन आम्ही तिघं खाली लिफ्टसमोर उभे होतो. दार उघडलं. मी आत पाऊल टाकणार, तोच ओजसने माझी ओढणी धरून मागे ओढली आणि आयुष्यातलं पहिलं स्वच्छ वाक्य बोलला.

"हितं न्हाई."

मी दुरुस्त केलं नाही. त्याला कडेवर घेतलं, मुक्ताला पुढे घातलं आणि भाजीच्या पिशवीसकट सात मजले चढले. गुडघ्यांनी मला काय काय शिव्या दिल्या, ते इथे लिहिता येणार नाही.

लिफ्टला काही झालं नाही. आजही नीट चालते, शेजारी रोज त्यातून जातात आणि मला हसतात. मलाही हसू येतं. कशाचाच अर्थ लागलेला नाही.

पण आम्ही जिन्याने जातो.