चटईवरची झोप

नवरा जाऊन पाच आठवडे झाले, आणि लेकीने मला न विचारता हॉटेल बुक केलं. न्यू जर्सीतल्या आमच्या पार्सिपनीहून फिलाडेल्फिया. शनिवारी जपानी बाग, रविवारी जुनी घरं.

"आई, यू नीड टू गेट आउट ऑफ द हाउस."

मी बॅग भरली. नाही म्हणायलाही आतून काहीतरी वाटावं लागतं, ते वाटत नव्हतं.

तोवर मी रडलेही नव्हते. भेटायला येणाऱ्या बायका म्हणायच्या, "खंबीर आहेस हो." खंबीर कसली! दाढेला इंजेक्शन दिल्यावर आपलाच गाल परका वाटतो ना, तशी अख्खी मी झाले होते. झोप तर नव्हतीच.

बागेत तळं होतं, नारिंगी-पांढरे मासे होते, वाकवून वाढवलेले पाइन होते. लेक फोटो काढत होती, मी मागे चालत होते.

"छान आहे ना?" तिने मुद्दाम मराठीत विचारलं.

"हो," मी म्हणाले. पाटी वाचावी तसं.

तळ्याकाठी जुन्या जपानी पद्धतीचं लाकडी घर होतं. दारात बूट काढायला वाकले तर पायात नवऱ्याचे मोजे. सकाळी हाताला लागले ते चढवले असणार. लेकीनेही पाहिले.

आत गवती चटया होत्या. पांढऱ्या केसांच्या एक स्वयंसेविका माहिती सांगत होत्या. छपराबद्दल काहीतरी. मी उन्हाच्या पट्ट्यात भिंतीला टेकून बसले, एवढंच आठवतं.

जाग आली तेव्हा अंगावर लेकीचा कोट होता.

"किती वेळ झोपले?"

"ऑलमोस्ट ॲन अवर." ती हळू आवाजात म्हणाली. "त्या लेडीने सगळ्यांना दुसऱ्या रूममध्ये पाठवलं."

मी ओशाळून त्या बाईंची माफी मागू लागले. त्या इंग्रजीत म्हणाल्या, "घरच आहे हे. लोक नुसतं बघून जातात, झोपत कोणी नाही."

गाडीत बसल्यावर लेकीने स्टिअरिंगवर डोकं टेकलं आणि हमसून हमसून रडली. "आय मिस बाबा." मी तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिले. माझे डोळे कोरडेच होते. पण एवढं मात्र लक्षात आलं, की या पाच आठवड्यांत मी तिला एकदाही जवळ घेतलं नव्हतं. बाप तिचाही गेला होता.

रविवारी आम्ही एकच घर पाहिलं. गाइड तिथल्या चुलाण्याबद्दल भरभरून सांगत होता, मला त्यातलं एक अक्षर आठवत नाही. बाकीची घरं कॅन्सल केली आणि एका डायनरमध्ये जाऊन बसलो. बाबाने तिला गाडी शिकवताना शेजाऱ्यांचा मेलबॉक्स कसा पाडला आणि दोष तिच्यावर कसा ढकलला, हे ती सांगत होती. मला ठाऊकच नव्हतं.

"मग?" मी विचारलं.

ती पुढे सांगू लागली. मी पॅनकेक कापत ऐकत होते.