गळक्या वर्गाला कुलूप

तिला काहीही मागता येतं, मला येत नाही. एवढ्या एका गोष्टीवरून मी आयुष्यभर तिच्यावर जळत आले आहे. आम्ही दोघी पेडण्यातल्या एकाच गावच्या, डी.एड.ला एकाच बाकावर बसलेल्या. लग्न होऊन ती डिचोलीला गेली आणि तिथल्या मराठी शाळेची मुख्याध्यापिका झाली. मी गावातल्याच शाळेची झाले.

आमची शाळा देवळाच्या अग्रशाळेत भरायची, उत्सवाच्या पाहुण्यांसाठी बांधलेल्या खोल्यांत. जूनच्या आत खोल्या सोडा, असं देवस्थानाचं पत्र आलं. नव्या इमारतीसाठी जागा होती, पण ती भाटकाराने, म्हणजे गावच्या जमीनदाराने, नुसती तोंडी दिलेली. बँकेच्या साहेबाने जमिनीचा उतारा उलटसुलट पाहिला. म्हणाला, "बाई, ह्याच्यार तुमच्या संस्थेचां नाव खंय आसा?" कर्ज तिथेच बारगळलं. आमदारांकडे खेपा घालून झाल्या, तिथे चहा तेवढा मिळाला.

आणि एक दिवस फोन आला. मुरगावात जहाजांच्या धंद्यात कमावलेले एक निवृत्त गृहस्थ एका मराठी शाळेला इमारत बांधून देणार होते. "आधी तुमची शाळा बघतो, मग डिचोलीची एक बघायची आहे," ते म्हणाले. डिचोलीची म्हणजे तिचीच. माझं डोकंच फिरलं. ती रोज व्हॉट्सॲपवर शाळेच्या बागेचे फोटो टाकायची, आणि त्या बागेपुढे मी गळकं छप्पर दाखवू?

मी कामाला लागले. हायस्कूलमधून चांगले बाक आणले, ओल आलेल्या भिंतींवर तक्ते लावले, एका पालकाच्या दुकानातले दोन कॉम्प्युटर मांडले. मागच्या गळक्या वर्गाला कुलूप घालून वर 'वाचनालय' अशी पाटी लावली. हरमलच्या फिरंगी बेकरीतून केक मागवला. खोल्या सोडायच्या आहेत, हे मी त्यांना सांगितलंच नाही. ते केक खाऊन म्हणाले, "शाळा फार छान ठेवलीय तुम्ही." मी दोन दिवस फुगून फिरत होते.

मे महिन्यात डिचोलीच्या भूमिपूजनाचं आमंत्रण आलं. तिने म्हणे त्यांना मोडक्या बाकावरच बसवलं होतं आणि दार नसलेला संडास स्वतः नेऊन दाखवला होता. तिला लाज कशी वाटली नाही, याचाच मला जास्त राग आला. जायची इच्छा नव्हती, पण न जाऊन लोकांना कळू द्यायचं नव्हतं.

कार्यक्रम आटोपल्यावर तिने मला मांडवामागे ओढलं. "मियां तेंका पयलें तुज्याकडेच धाडल्ले गो. तुमची अग्रशाळा सुटता म्हणान कळल्लां. तुका आधी सांगलां आसतां तर तू नाय म्हटलां आसतां. पण ते येवन म्हणाले, थंय सगळां आसा." ती माझ्याकडे बघत राहिली. "खरांच सगळां आसा मगो? नाय तर आजून सांग, मी उलयतंय तेंच्याकडे."

ते गृहस्थ दहा पावलांवर उभे होते. तिच्या नव्या साडीला हळदकुंकू लागलं होतं, आणि ती माझ्यासाठी मागायला निघाली होती.

"होय गो," मी म्हटलं, "आमचां बरां आसा."

जूनमध्ये तिसरी-चौथीची मुलं समाजमंदिराच्या व्हरांड्यात बसली. दाता कुणी मिळालाच नाही, असं मी पालकांना सांगितलं.