घुबडाची पक्की नोंद

चष्मेवाल्यांनी जन्मभर दुसऱ्यांच्या डोळ्यांची उठाठेव केली. गेल्या हिवाळ्यात त्यांच्याच डोळ्यांचं हसं झालं.

झालं असं. तळ्याच्या पलीकडच्या काठाला त्यांना एक चमच्या दिसला. पांढराशुभ्र, एका पायावर उभा. असा पक्षी या तळ्यावर कित्येक वर्षांत आला नव्हता. धुकं होतं, पण त्यांनी बराच वेळ निरखून पाहिलं आणि पक्षिमित्रांच्या फोनवरच्या गटात कळवलं. मंडळी दुर्बिणी घेऊन धावली. धुकं निवळलं तेव्हा खुंटाला अडकलेली प्लास्टिकची पिशवी वाऱ्यावर फडफडत होती.

"काका, नर होती की मादी?" फोटो स्टुडिओवाल्याने विचारलं.

सगळे हसले. चष्मेवालेही हसले. न हसून करतात काय?

चेष्टा तळ्यावर राहिली असती तर गोष्ट वेगळी. ती बाजारात आली. नंबर तपासायला आलेली माणसं खुर्चीत बसता बसता विचारू लागली, "तुम्हीच तपासणार का?" चष्मेवाले भिंग पुसत राहायचे. स्वच्छ भिंगसुद्धा.

पक्षिमित्र हिवाळाभर दर रविवारी संध्याकाळी दातांच्या डॉक्टरीणबाईंच्या दवाखान्यात जमत. पेशंटांच्या बाकांवर दाटीवाटीने बसत. ज्याने त्याने आठवड्यात काय पाहिलं ते सांगायचं, आणि बाईंनी निवाडा द्यायचा. 'ग्राह्य' म्हटलं की नोंद झाली. 'राहू द्या' म्हटलं की पाहणाऱ्याने आपलं मनात ठेवावं. पिशवीनंतर चष्मेवाल्यांनी काहीही सांगितलं तरी बाई म्हणत, "राहू द्या, काका." सुई टोचण्याआधी म्हणावं तितक्या मायेने. एकदा तर साधा खंड्या राहू दिला.

घरी थोरली बहीण होती. दोघांचंच घर. ती भाजी निवडता निवडता म्हणाली, "अरे, ते तुला खोटारडा नाही म्हणत. म्हातारा म्हणतायत."

"मग ते बरं का, ताई?"

"त्यातल्या त्यात बरं."

त्यांना ते बरं वाटलं नाही. एकदा, फक्त एकदा, आपला शब्द खरा ठरावा एवढंच त्यांच्या मनाने घेतलं.

यंदा थंडी पडली आणि बंद वीटभट्टीमागच्या गवतात त्यांना घुबड दिसलं. आखूड कानांचं. लांबून येणारं, झाडावर न बसता जमिनीवर बसणारं. अंगावर वाळल्या गवताचेच रंग. डोळे पिवळे, भोवती काजळ पसरल्यासारखं काळं. त्याने एकदा त्यांच्याकडे पाहिलं आणि डोळे मिटून घेतले. दमलेलं होतं. चष्मेवाले श्वास रोखून मागे सरले. पुरेसं लांब आल्यावर त्यांनी फोनने एक फोटो काढला.

कुठल्याही घुबडाची जागा कोणाला सांगायची नाही, हा गटाचा नियम होता. दिवसा ते उठलं की कावळे त्याला सोडत नाहीत. हा नियम चष्मेवाल्यांनीच भांडून करवून घेतला होता.

त्यांनी जागा लिहिली नाही. एवढंच लिहिलं: आखूड कानांचं घुबड, आज सकाळी पाहिलं. खाली फोटो लावला.

ते दुकानात पोचले तोवर स्टुडिओवाल्याचं उत्तर आलं होतं. "काका, गवत सुंदर आलंय." खाली हसऱ्या चेहऱ्यांची रांग. शेवटी बाईंचं: "राहू द्या, काका."

एक गिऱ्हाईक तपासणीची जड चौकट नाकावर घेऊन समोरच्या पाटीवरची अक्षरं वाचत होतं. चष्मेवाल्यांनी फोन उचलला आणि लिहिलं: वीटभट्टीमागे, पडक्या धुराड्याच्या डाव्या हाताला. या आणि बघा.

हसणं थांबलं. ती शांतता त्यांना गोड लागली.

"ही ओळ पुसट दिसतेय," गिऱ्हाईक म्हणालं.

तेव्हा ते भानावर आले. लिहिलेलं पुसलं. पण तोंडातून गेलेला शब्द आणि फोनमधून गेलेला निरोप, दोन्ही सारखेच. तो केव्हाच दुसऱ्या गटांत, तिथून दुसऱ्या गावांत पोचला होता. त्यांनी गिऱ्हाइकाला चौकटीसकट खुर्चीत सोडलं आणि सायकल काढली.

भट्टीजवळ गाड्या उभ्या होत्या. अनोळखी माणसं. हातभर लांब भिंगांचे कॅमेरे. स्टुडिओवाला गवतात पालथा पडला होता. त्यांना पाहून तो उठला आणि त्यांचा हात हातात घेतला.

"काका, मानलं! माफ करा. डोळे आहेत की दुर्बिणी!"

वर्षभर ज्या वाक्याची वाट पाहिली ते हे वाक्य. चष्मेवाले त्याच्या खांद्यावरून पलीकडे पाहत होते. तिथे एकजण टाळ्या वाजवत होता. पंख उघडलेला फोटो हवा होता त्याला.

घुबड उडालं. थोडं पुढे जाऊन बसलं. माणसं मागे गेली. परत उडालं.

"थांबा हो! दमलंय ते." चष्मेवाले हात पसरून आडवे उभे राहिले.

"एकच, काका. एकच घेतो."

माणसं त्यांना वळसा घालून गेली, ओढ्याचं पाणी दगडाच्या बाजूने जातं तशी. मग कावळे आले. आधी दोन, मग मोजता येईनात इतके. घुबड उंच चढू पाहत होतं. कावळे त्याला खाली दाबत होते. धुराड्याला धडकून ते पलीकडच्या चरात पडलं. तोवर फोटो काढणं चालूच होतं.

चष्मेवाल्यांनी चरात उतरून कावळे हाकलले आणि त्याला उचललं. हाताला वजनच लागेना. नुसती पिसं. ऊब मात्र होती, थोडा वेळ.

रविवारी दवाखान्यात बसायला जागा नव्हती. बाईंनी सगळ्यात आधी त्यांचं नाव घेतलं. "आपल्या गावातलं पहिलं आखूड कानांचं घुबड. पहिलं पाहिलं काकांनी. ग्राह्य." टाळ्या झाल्या.

चष्मेवाले उभे राहिले. "डॉक्टर, काढून टाका."

"काय काढून टाकू?"

"नोंद. मला भास झाला असं लिहा."

"असं कसं, काका? सगळ्यांनी पाहिलंय. ढीगभर फोटो आहेत." बाईंचा आवाज नेहमीसारखाच मायेचा होता. "आता कोणी म्हटलं तरी ती निघायची नाही."

"मी सांगतो ना, मला दिसलं नाही."

स्टुडिओवाल्याने सरकून जागा केली आणि त्यांच्या बाहीला धरून खाली ओढलं. "बसा, काका. आज मान तुमचा."

ते बसले. बाईंनी पुढचं नाव घेतलं. कोणीतरी तळ्यावरच्या बदकांचं सांगू लागलं. दार समोरच होतं, पण तिथवर जायचं तर सगळ्यांच्या गुडघ्यांवरून जावं लागलं असतं.