गाठीवर विषाणू सोडणारी

तेल्हारा-अकोला एसटीत शेजारी हिवरखेडची एक पोरगी बसली. नखं मुळापर्यंत कापलेली, हात सारखे पुसत होती. मी माझ्या कॅन्सरच्या गाठीच्या इलाजाला निघाले होते. ती म्हणाली, प्रयोगशाळेत ती अशा गाठी मारणारा विषाणू शरीरातल्याच लढाऊ पेशींसोबत गाठीपर्यंत धाडते.

"आमी रोगानं मेलेल्या अळ्या वाटून हरभऱ्यावर फवारतो, मंग बाकीच्या मरतात. तसंच ना?"

"तसंच, आजी! आमच्या प्रयोगशाळेतल्या सरांले हे समजावताना मले घाम फुटला होता."

"मंग मले दे."

तिचं हसू गेलं. "नाई देता येत. अजून उंदरांवरच करून राहिलो आमी. तुमचा इलाज सोडू नोका."

खोटी आशा देणारे मला पुष्कळ भेटले. या पोरीनं तोंडावर नाही म्हटलं. त्या दिवशी सलाईन लावून घेताना मी नर्सला माझं दुखणं सांगितलं नाही, आमच्याकडच्या त्या पोरीचंच सांगत बसले.